पाषाणातील बेडूक

एका गडाचे बांधकाम चालू असता समर्थ रामदासांनी एक शिळा फोडण्यास सांगितले. शिळा दुभंगताच आतील पोकळीत थोडे पाणी व एक जिवंत बेडूक दृष्टीस पडला. आणि सर्वांचा पोशिंदा कोण, या प्रश्नाचे उत्तर शिवरायांना मिळाले. ही आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. नम्रतेचा धडा देणे हा तिचा हेतू आहे. ती इतिहास म्हणून सांगितलेली नाही. परंतु महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणांमध्ये खरोखरीचे बेडूकही सापडले आहेत. ते अर्थातच जिवंत नाहीत. कोट्यवधी वर्षांपूर्वी ते मरून गेले आणि त्यांची हाडे दगडात जशीच्या तशी उमटून राहिली. हे बेडूक कोणत्या कुळातील, त्यांचे आप्त कोण, त्यांना कोणत्या नावाने ओळखावे, हे ठरविण्यासाठी विद्वानांना पाऊणशे वर्षांहून अधिक काळ परिश्रम करावे लागले. त्या परिश्रमांची हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

प्रथम हे बेडूक दगडात शिरले कसे, ते पाहू. नागपूर शहराच्या मध्यभागी सीताबर्डीची टेकडी आहे. वायव्येला सेमिनरी हिल्स व टाकळीचा परिसर आहे. येथील खडक काळा, कठीण व वजनदार असतो. आपली घरे, रस्ते, पूल आणि जुने किल्ले याच दगडाचे बनले आहेत. या खडकाला भूशास्त्रात ‘दख्खन ट्रॅप’ असे म्हणतात. स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. सह्याद्रीचे कडे दुरून पाहिले तर त्यांवर पायऱ्यांसारखे टप्पे दिसतात. त्यावरून हे नाव पडले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या प्रदेशात जमिनीला प्रचंड भेगा पडून त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर पडला. तो दूरवर पसरला, निवला व त्याचा खडक झाला. असे एकावर एक अनेक थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. नागपूर हे त्याच्या पूर्व सीमेवर वसले आहे. त्याच्या पलीकडे याहून कितीतरी जुने खडक लागतात.

परंतु हा लाव्हारस अखंड वाहत नव्हता. एक उद्रेक होऊन गेला की पुष्कळ काळ शांततेत जाई. त्या काळात थंड झालेल्या खडकावर पाऊस पडे, खोलगट जागी तळी साचत, काठावर झाडेझुडपे उगवत. तळ्यांत गोगलगाई, मासे, कासवे व बेडूक नांदत. मेलेल्या जिवांचे अवशेष तळाच्या गाळात रुतत. पुढे पुन्हा उद्रेक होई आणि नवा लाव्हारस त्या तळ्यावर पसरे. त्याखाली दबलेल्या गाळाचा कालांतराने दगड होई. अशा रीतीने दोन काळ्या थरांच्या मध्ये चिखलाचा, चुन्याचा किंवा गारगोटीचा एक पातळ थर राहून जातो. त्यास ‘आंतरट्रॅपी थर’ म्हणतात. एखाद्या जाड ग्रंथाच्या दोन पानांमध्ये ठेवलेले पिंपळपान वर्षानुवर्षे टिकावे, तसे त्या काळचे जीवन या थरांत टिकून राहिले आहे.

नागपूरच्या या थरांकडे जगाचे लक्ष वेधण्याचे श्रेय स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश गृहस्थांकडे जाते. ते १८४५ मध्ये धर्मोपदेशक म्हणून नागपुरास आले. त्यांनी येथे शाळा चालविली. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अध्यापनातून उरलेल्या वेळात ते आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह सभोवतालच्या टेकड्या, ओढे व खाणी धुंडाळीत. टाकळीच्या थरांत त्यांना शिंपले, बिया, फळे व माशांचे अवशेष मिळाले. नागपूरच्या आसमंतातील खडक व जीवाश्म यांवरील या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. १८६३ च्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परत येत असता पूर आलेल्या ओढ्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला.

हिस्लॉप यांच्या काळी नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथून एक चपटी व रुंद कवटी लंडनला गेली. सर रिचर्ड ओवेन या विख्यात शरीरशास्त्रज्ञांनी १८५५ मध्ये तिचे वर्णन केले व त्या प्राण्यास ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. या नावाचा अर्थ ‘आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा’ असा होतो. ओवेन यांनी त्यास सरपटणारा प्राणी म्हटले होते. आज आपण त्यास उभयचरांमध्ये, म्हणजे बेडकांच्या अतिदूरच्या नातेवाइकांमध्ये गणतो. कवटी तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र अधिक स्वच्छ झाली. पुढील हकिकत समजण्यास हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता मुंबईकडे वळू. वरळीची टेकडीही याच काळ्या पाषाणाची आहे. मात्र मुंबईचे थर नागपूरच्या थरांहून काहीसे अलीकडचे आहेत. त्यांचे वय सहा कोटी वर्षांहून थोडे अधिक मानले जाते. तेथील आंतरट्रॅपी थर काळसर असून त्याचे पातळ पापुद्रे निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या पापुद्र्यांमध्ये लहान लहान बेडकांचे सांगाडे आढळले. जी. टी. क्लार्क हे अभियंते त्या वेळी मुंबईत होते. पुढे १८५३ मध्ये धावू लागलेल्या मुंबई–ठाणे लोहमार्गाच्या प्राथमिक तयारीशी त्यांचा संबंध होता. मुंबईच्या परिसरातील खडकांविषयी त्यांनी एक निवेदन लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेकडे पाठविले. त्या निवेदनास पुरवणी म्हणून १८४७ मध्ये ओवेन यांनी या बेडकांवर एक छोटे टिपण लिहिले. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ मध्ये रूढ करणारे ते हेच ओवेन. दगडातील त्या बेडकांना त्यांनी ‘मंडूकाश्म’ या अर्थाचा ग्रीक शब्द योजला.

दगडावर उमटलेली ही नक्षी बेडकाचीच, हे ओवेन यांनी कशावरून ओळखले? बेडकाचा सांगाडा इतर सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांहून निराळा असतो. त्याचा कणा अगदी आखूड असतो. आपल्याकडील नेहमीच्या बेडकाच्या कण्यात नऊच मणके असतात. त्यांच्यामागे शेपटीचे मणके एकत्र जुळून बनलेले एक लांबट हाड असते. त्यास ‘पुच्छदंड’ म्हणतात. नेहमीच्या बेडकाला बरगड्या नसतात. कमरेची दोन हाडे खूप लांब वाढून पुढे आलेली असतात. पुढील पायाच्या कोपराखालची दोन हाडे एकमेकांत मिसळून एक झालेली असतात. मागील पायाच्या नडगीचेही तसेच. शिवाय मागील पायाच्या घोट्याची दोन हाडे इतकी लांबतात की पायाला जणू एक अधिक सांधा मिळतो. ही सारी रचना उडी मारण्यासाठी आहे. उडी घेताना मागील पाय कमानीसारखे उलगडतात, आणि खाली येताना पुढील आखूड पाय व मजबूत खांदे आघात सोसतात. हाडांची ही जुळणी दगडात दिसली की प्राणी बेडूकच, याविषयी शंका राहत नाही.

परंतु ‘हा बेडूक आहे’ एवढे म्हणून शास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. जगात आज बेडकांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी कोणाशी याचे नाते आहे? शिवाय वरळीचे बेडूक आकाराने फार लहान होते. लहान प्राणी सापडला की पहिला प्रश्न उद्भवतो तो हा, की हे पिल्लू आहे, की लहान जातीचा पूर्ण वाढलेला बेडूक आहे? त्याचे उत्तर हाडांच्या टोकांवरून मिळते. पिल्लाच्या हाडांची टोके मऊ कूर्चेची असतात व हाडांचे सांधे पुरते जुळलेले नसतात. प्रौढ प्राण्यात हाडे कठीण व घट्ट जुळलेली असतात. एकाच थरात एकाच मापाचे अनेक सांगाडे मिळाले, तर ते माप त्या जातीचेच असण्याचा संभव वाढतो.

ओवेन यांनी या बेडकास ‘राना पुसिला’ असे नाव दिले. शास्त्रीय नावाची ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी घालून दिली. प्राण्यांच्या नावांच्या बाबतीत त्यांच्या ग्रंथाची १७५८ ची आवृत्ती ही आरंभरेषा मानतात. प्रत्येक जातीच्या नावात दोन पदे असतात. पहिले पद प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचे. ते आपल्या आडनावासारखे असते. दुसरे पद त्या विशिष्ट जातीचे. ‘राना’ म्हणजे लॅटिन भाषेत बेडूक, आणि ‘पुसिला’ म्हणजे चिमुकली. त्या काळी नाना प्रकारच्या बेडकांना ‘राना’ याच प्रजातीत घालीत. अनेक खणांचे कपाट नसेल तर सर्व वस्तू एकाच पेटीत ठेवाव्या लागतात, तसेच हे होते.

१८५२ मध्ये मुंबईतील वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ हेन्री कार्टर यांनी मुंबई बेटाच्या भूरचनेवर निबंध लिहिला. वरळीच्या थरांत बेडकांच्या सोबतीला कासव होते, तसेच ‘सायप्रिस’ नावाच्या, दोन शिंपल्यांत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचे होती. त्या कासवाचेही वर्णन कार्टर यांनी केले. त्याचे प्रजातिनाम पुढे बदलले व कार्टर यांच्याच स्मरणार्थ ते ‘कार्टेरेमिस’ असे झाले. या सोबत्यांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या जागी आज समुद्राच्या लाटा आदळतात, तेथे त्या काळी गोड्या पाण्याचे जलाशय होते. जीवाश्म एकटा बोलत नाही. त्याच्या शेजारी काय सापडले, यावरही त्याची साक्ष अवलंबून असते.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेत काम करणारे फर्डिनांड स्टोलिझ्का यांनी या बेडकांच्या हाडांचा पुन्हा अभ्यास केला. ते मूळचे मोरेव्हिया प्रांताचे. हिमालयातील त्यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. १८७४ मध्ये लडाखच्या दुर्गम वाटेवर त्यांचा अंत झाला. १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या टिपणात त्यांनी वरळीच्या बेडकाला ‘राना’ प्रजातीतून काढले व ‘ऑक्सिग्लॉसस’ या प्रजातीत घातले. ही प्रजाती आशियातील लहान, पाणथळ जागी राहणाऱ्या बेडकांची होती. बेडूक लहान, थर जलाशयाचा, देश आशियातील; तेव्हा हे वर्गीकरण मनाला पटण्याजोगे होते.

तथापि सारखेपणा नेहमीच नात्याचा पुरावा नसतो. वटवाघळाला पंख आहेत व कबुतरालाही पंख आहेत. म्हणून ती एका कुळातील ठरत नाहीत. वटवाघळाच्या पंखात लांब बोटांवर ताणलेली कातडी असते, कबुतराचा पंख पिसांचा असतो. वरवर सारखे दिसणारे अवयव आतून भिन्न असतात. उलट देवमासा माशासारखा दिसतो; पण त्याच्या शरीराची रचना तपासली की तो गाईम्हशींचा आप्त असल्याचे उघड होते. म्हणून वर्गीकरण करणारा शास्त्रज्ञ आकार, रंग व राहणी यांवर विसंबत नाही. तो विचारतो, की वरच्या जबड्यात दात आहेत काय? खांद्याच्या हाडांचे दोन भाग छातीवर एकमेकांस घट्ट भिडतात, की एकावर एक सरकतात? मणक्यांची कोणती बाजू खोलगट आहे? कमरेला जोडलेल्या मणक्याचे बाहू नळीसारखे गोल आहेत, की पंख्यासारखे रुंद आहेत? अशा प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तो आज जिवंत असलेल्या बेडकांच्या सांगाड्यांशी ताडून पाहतो. यासाठी संग्रहालयांत देशोदेशींचे सांगाडे जतन करून ठेवावे लागतात. जिवंतांची ओळख पक्की असेल, तरच मृतांची ओळख पटते.

अशी तुलना करण्याचे काम न्यूयॉर्क येथील अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील जी. किंग्झली नोबल यांनी हाती घेतले. उभयचर प्राणी हाच त्यांचा अभ्यासविषय होता. १९३० मध्ये मुंबईच्या आंतरट्रॅपी थरांतील बेडकांवर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा, की हा बेडूक ‘राना’ नव्हे व ‘ऑक्सिग्लॉसस’ही नव्हे. ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत तो बसत नाही. म्हणून त्यांनी त्यासाठी नवी प्रजाती निर्माण केली व तिला ‘इंडोबॅट्रॅकस’ असे नाव दिले. ‘इंडो’ म्हणजे भारतीय, आणि ‘बॅट्रॅकस’ हे बेडकासाठी असलेल्या ग्रीक शब्दाचे रूप आहे. याहून आश्चर्याची गोष्ट ही, की त्याच्या हाडांचे साम्य त्यांना आशियातील बेडकांपेक्षा दूरच्या ऑस्ट्रेलियातील काही बेडकांशी अधिक दिसले.

अशा रीतीने या चिमुकल्या प्राण्याचे पूर्ण नाव ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ असे झाले. येथे एक गंमत लक्षात घ्यावी. ‘पुसिला’चे ‘पुसिलस’ झाले. मराठीत आपण ‘छोटी खारूताई’ पण ‘छोटा उंदीर’ म्हणतो. तसेच लॅटिन भाषेतही विशेषणाचे लिंग नामाप्रमाणे बदलते. ‘राना’ स्त्रीलिंगी आहे, ‘इंडोबॅट्रॅकस’ पुल्लिंगी आहे. मात्र ‘चिमुकला’ हे मूळ विशेषण नोबल यांनी टाकून दिले नाही. शास्त्राचा नियम असा आहे, की ज्याने जातीचे प्रथम यथायोग्य वर्णन केले, त्याने दिलेले जातिनाम पुढे चालवावे. म्हणून आजही शास्त्रीय ग्रंथांत या बेडकाच्या नावापुढे कंसात ओवेन यांचे नाव व १८४७ हे वर्ष लिहितात. तो कंस वाचणाऱ्यास सांगतो, की जातीचे नाव ओवेन यांचे आहे, पण तिचे घर नंतर बदलले आहे. पूर्वसूरींचे मत खोडताना त्यांचे श्रेय मात्र अबाधित ठेवण्याची ही रीत सुंदर नव्हे काय?

नाव देताना आणखी एक बंधन पाळावे लागते. ज्या नमुन्यावरून नव्या जातीचे वर्णन केले, तो नमुना किंवा ते नमुने जपून ठेवावे लागतात. अशा नमुन्यास ‘प्ररूप’ म्हणतात. पुढे कोणास शंका आली तर त्याने प्रत्यक्ष प्ररूप पाहून निर्णय करावा, असा संकेत आहे. न्यायालयात ज्याप्रमाणे मूळ दस्तऐवज पाहिला जातो, त्याचप्रमाणे शास्त्रात मूळ नमुना पाहिला जातो. प्ररूप हरवले किंवा फुटले, तर वादाचा निवाडा करणे फार कठीण होऊन बसते.

नोबल यांच्या निबंधाने विषय संपला नाही. १९४० मध्ये जी. डब्ल्यू. चिपळोणकर या भारतीय भूशास्त्रज्ञांनी वरळीच्याच थरांतील बेडकाच्या आणखी एका जातीचे वर्णन केले. १९८५ मध्ये स्पिनार व होड्रोवा या झेक संशोधकांनी इंडोबॅट्रॅकसचा नव्याने अभ्यास केला व ऑस्ट्रेलियातील बेडकांशी त्याचे नाते असल्याच्या मतास दुजोरा दिला. त्यानंतरच्या काही अभ्यासकांना मात्र हे नाते पुरेसे सिद्ध झाले आहे असे वाटत नाही. शास्त्रात एखादा प्रश्न असा खुला राहणे ही नामुष्की नव्हे. पुरावा जितका असेल तितकेच बोलावे, आणि अधिक पुराव्याची वाट पाहावी, हीच शास्त्राची शिस्त आहे.

आता कोणी विचारील, की एवढ्याशा बेडकाचे आप्त आशियात असोत की ऑस्ट्रेलियात, त्याने काय बिघडते? उत्तर असे, की या प्रश्नात आपल्या देशाचाच इतिहास दडला आहे. बेडूक समुद्र ओलांडू शकत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. खाऱ्या पाण्यात त्याची पातळ त्वचा टिकत नाही व त्याची अंडीही जगत नाहीत. मग भारत व ऑस्ट्रेलिया यांसारख्या दूरच्या भूमींवर एका कुळाचे बेडूक आढळले, तर त्या भूमी पूर्वी जोडलेल्या असाव्यात, असा तर्क करावा लागतो. जर्मनीचे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडे सरकतात असा सिद्धान्त मांडला होता. पण नोबल यांच्या काळी बहुतेक विद्वानांना तो मान्य नव्हता. १९६० नंतरच्या दशकात त्यास भक्कम पुरावे मिळाले. भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका व दक्षिण अमेरिका ही पूर्वी ‘गोंडवन’ नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होती. हे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून पडले आहे, ही गोष्ट विदर्भातील वाचकांना विशेष आपुलकीची वाटेल. त्या महाखंडापासून भारत सुटा झाला, उत्तरेकडे सरकत गेला व सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. वरळीचा बेडूक जगत होता तेव्हा भारत या प्रवासातच होता. तेव्हा आपल्या बेडकांपैकी कोण दक्षिणेकडून भारताबरोबर आले व कोण आशियातून नंतर शिरले, हे ठरविण्यास त्या काळच्या प्रत्येक बेडकाची साक्ष मोलाची आहे.

या साक्षीला जिवंत प्राण्यांचीही जोड मिळाली आहे. २००३ मध्ये एस. डी. बिजू व फ्रँकी बोसाइट या शास्त्रज्ञांनी केरळातील इडुक्की जिल्ह्यातील एका विलक्षण बेडकाचे वर्णन केले. तो जांभळ्या रंगाचा, गुबगुबीत व टोकदार नाकाचा आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीखाली राहतो व पावसाच्या आरंभी थोडे दिवस बाहेर येतो. संस्कृतातील ‘नासिका’ या शब्दावरून त्याचे नाव ‘नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस’ असे ठेवले. त्याच्या कुळाचे सर्वांत जवळचे आप्त भारतात नाहीत. ते हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. ती बेटे व भारत एके काळी एकत्र होती, याची ही जिवंत खूण आहे.

आज जीवाश्म ओळखण्याची साधनेही सुधारली आहेत. एकोणिसाव्या शतकात भिंग व बारीक छिन्नी एवढीच साधने होती. हाड उघडे करताना ते मोडण्याचे भय असे. आता क्षकिरणांच्या साहाय्याने दगड न फोडता आतील हाडांची चित्रे घेता येतात व त्यांवरून संपूर्ण सांगाड्याची आकृती उभी करता येते. पूर्ण सांगाडा नसला तरी सुट्या हाडांवरून निर्णय करण्याचे कौशल्यही वाढले आहे. गुजरातमधील सुरतेजवळच्या वस्तान येथील कोळशाच्या खाणीत मिळालेल्या सुट्या हाडांवरून २०१३ मध्ये बेडकांच्या दोन नव्या प्रजातींचे वर्णन झाले. त्यांपैकी एकीचे नाव ‘इंडोराना’ आहे. नागपुरातील गिट्टीखदान येथील थरांतूनही १९८४ मध्ये मासे, उभयचर व सरपटणारे प्राणी यांच्या सूक्ष्म अवशेषांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. असे अवशेष मिळविण्यासाठी थरातील माती पोत्यांनी आणून पाण्यात भिजवितात, बारीक चाळणीतून धुतात व उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कण कण करून निवडतात. धान्यातील खडे निवडणाऱ्या गृहिणीस लागते त्याहून कितीतरी अधिक चिकाटी या कामी लागते.

जेथे हे जीवाश्म मिळतात त्या जागा मात्र झपाट्याने नाहीशा होत आहेत. वरळीच्या टेकडीवर आज दाट वस्ती आहे. गिट्टीखदान या नावातच दगड फोडण्याची खाण आहे. शहर वाढते, रस्त्यांस खडी लागते, घरांस पाया लागतो. हे सारे आवश्यकच आहे. पण खडी फोडताना एखाद्या पापुद्र्यावर उमटलेली नाजूक नक्षी कोणाच्या ध्यानात आली नाही, तर सहा कोटी वर्षे टिकलेला पुरावा क्षणात चुरा होऊन जातो व तो पुन्हा मिळत नाही.

म्हणून तुम्हांपैकी कोणास नाल्याच्या काठी, विहिरीच्या खोदकामात किंवा खाणीजवळ दगडात शिंपला, पान किंवा हाड यांसारखे काही दिसले, तर ते उपटून काढण्याची घाई करू नये. ते कोठे दिसले, कोणत्या रंगाच्या थरात दिसले, त्याच्या वर व खाली कसला दगड होता, हे वहीत लिहून ठेवावे व आपल्या शिक्षकांना सांगावे. नागपुरास सेमिनरी हिल्स येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभागीय कार्यालय आहे व विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. तेथील जाणकारांपर्यंत ती माहिती पोचू शकते. ठिकाणाची नोंद नसलेला जीवाश्म हा नाव-पत्ता पुसून गेलेल्या पत्रासारखा असतो. पत्र हाती असते, पण ते कोणी, कोठून व केव्हा लिहिले, हे कळत नाही.

वरळीच्या बेडकाला तीन विद्वानांनी तीन नावे दिली. त्यांपैकी प्रत्येकाने आपल्यापुढील पुराव्याशी इमान राखले आणि नंतर येणाऱ्यास तो पुरावा पुन्हा तपासण्याची मोकळीक ठेवली. ओवेन यांनी दिलेले ‘चिमुकला’ हे विशेषण त्याच्याजवळ अजून आहे. त्याच्या आप्तांविषयीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. तो सोडविणारा पुरावा विदर्भातील एखाद्या ओढ्याच्या काठी, दोन काळ्या खडकांच्या मधल्या पातळ थरात, पाहणाऱ्या डोळ्यांची वाट पाहत पडलेलाही असेल.